मदत हवी आहे: वर्डप्रेस, विक्स की गूगल साइट्स? तीन दिवस अडकलोय

कुंचला: नमस्कार मंडळी. स्वतःच्या चित्रांची वेबसाइट करायची आहे. वर्डप्रेस घेतलं. व्हिडिओत सांगतात, डावीकडे 'प्लगइन्स'मध्ये जा, 'नवीन जोडा' दाबा, संपर्काचा फॉर्म टाका. मला ते करू देत नाही, आधी पैसे भरा म्हणतं. तो व्हिडिओ पाच वेळा पाहिला. हे सोडून विक्स घेऊ, स्क्वेअरस्पेस की गूगल साइट्स? नवख्याला कोणतं जमेल? जरा लवकर सांगा, पुढच्या आठवड्यात प्रदर्शन आहे.

कोडेकर: कोणतं वर्डप्रेस?

कुंचला: वर्डप्रेसच हो. किती असतात?

साधीसोपी: विक्स घ्या दादा. माउसने उचलायचं, हवं तिथे ठेवायचं. माझी साइट एका संध्याकाळी उभी राहिली.

जुना_खांब: उभी राहते, पण तिथून हलत नाही. विक्सवरची साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर (साइट ठेवायची भाड्याची जागा) ठेवता येत नाही. मी एका साइट-बिल्डरवर (विक्स नव्हे) लिहायचो. तो बंद पडला तेव्हा दीडेकशे लेख एकेक करून कॉपी-पेस्ट केले, महिना गेला त्यात. वर्डप्रेसमध्ये 'टूल्स'खाली 'एक्स्पोर्ट' असतं, मजकूर फाइलीत हाती येतो.

साधीसोपी: काका, तुमचे दीडेकशे लेख. यांची पाचसहा पानं असतील. पुढच्या आठवड्यात प्रदर्शन असलेल्या माणसाला एक्स्पोर्टची काळजी कशाला?

जुना_खांब: कारण नंतर कोणी काळजी करत नाही.

निळीशाई: प्रत्येक चित्राला 'ऑल्ट टेक्स्ट', म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, नक्की लिहा. दृष्टिहीनांचे स्क्रीन रीडर तेच वाचतात, शिवाय सर्च इंजिनलाही चित्र कशाचं आहे ते कळतं.

स्वयंभू: मी तर म्हणेन एचटीएमएल शिका. नोटपॅडमध्ये पान लिहिता येतं, कोणाच्या योजनेवर अवलंबून राहावं लागत नाही.

साधीसोपी: आठवड्याभरात?

कोडेकर: थोडं थांबा सगळे. धागाकर्ते, साइटच्या पत्त्याच्या शेवटी काय दिसतंय? आणि स्वतःचं डोमेन (आपल्या नावाचा वेब पत्ता) घेतलंय का?

कुंचला: शेवटी वर्डप्रेस डॉट कॉम. डोमेन घेतलंय ना, गेल्या महिन्यात, दुसरीकडून. ते अजून नुसतंच पडून आहे.

जुना_खांब: अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं!

कोडेकर: मग गोंधळ इथेच आहे. वर्डप्रेस हे २००३ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून ते उतरवून आपण घेतलेल्या होस्टिंगवर टाकायचं, मग हवे ते प्लगइन (जादा सोयी देणारे छोटे जोड-प्रोग्राम) टाका. अपडेट आणि बॅकअप मात्र आपणच बघायचे. वर्डप्रेस डॉट कॉम म्हणजे तेच सॉफ्टवेअर वापरून चालवलेली तयार सेवा. तिच्या मोफत योजनेत प्लगइन टाकता येत नाहीत. तुमचा व्हिडिओ पहिल्या प्रकाराचा आहे.

पण तुम्हाला प्लगइन लागतच नाही. पान उघडा, रिकाम्या ओळीवर तिरकी रेघ (/) टाइप करा, ब्लॉक्सची यादी येईल. त्यात 'फॉर्म' आहे, 'गॅलरी'पण आहे.

डोमेन जोडायला मात्र तिथे सशुल्क योजना लागते. पैसे घालायचे नसतील तर गूगल साइट्सला स्वतःचं डोमेन फुकट जोडता येतं. मांडणीला फारसा वाव नाही, पण चित्रं, माहिती आणि गूगल फॉर्म एवढं नीट बसतं.

स्वयंभू: डोमेन नवीन आहे ना? नवं डॉट कॉम डोमेन सहसा पहिले ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही.

कोडेकर: हलवायचं कशाला? जिथे घेतलं तिथेच राहू दे, फक्त नेमसर्व्हर किंवा डीएनएस नोंदी (डोमेन कोणत्या साइटकडे न्यायचं ते सांगणाऱ्या) बदला. ते कधीही करता येतं. सगळीकडे पोचायला दोनेक दिवस लागू शकतात, म्हणून आजच करा.

कुंचला: तिरकी रेघ टाकली आणि फॉर्म आला! स्वतःला चाचणी मेल पाठवला, तोही पोचला. आता आहे तिथेच राहतो, छोटी योजना घेऊन डोमेन जोडतो. खूप आभार कोडेकर. फक्त गॅलरीचं पान मोबाइलवर उघडायला फार वेळ लागतोय. विक्सवर लवकर उघडेल का?

जुना_खांब: फोटो केवढे आहेत?

कुंचला: कॅमेऱ्यातून आले तसेच चढवलेत. एकेक ९ एमबी.

साधीसोपी: मग विक्सवरही रखडेल. चढवायच्या आधी लांब बाजू १६०० पिक्सेल करा आणि जेपेग ८० च्या आसपास क्वालिटीला सेव्ह करा. मूळ फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा, छपाईला लागतील.

कुंचला: छत्तीस चित्रं आहेत. आज रात्रीच बसतो.