पोरीच्या अर्जात 'आईवडील पदवीधर नाहीत' असं लिहायचं का?

चिपळूणची_माय
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो. दिरांनी फाइल केली होती, तेरा वर्षांनी नंबर लागला आणि ग्रीन कार्डावर आलो. मिस्टर सुतार, किचन कॅबिनेटच्या वर्कशॉपमध्ये आहेत. मी किराणा दुकानात काउंटरवर. ते आयटीआय, मी बारावी.

मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बायॉलॉजी घेतलंय. उन्हाळ्यात हृदयावरच्या संशोधनाचं दहा आठवड्यांचं प्रशिक्षण असतं, लॅबमध्ये काम आणि वर विद्यावेतन, त्याला अर्ज करायचाय. जिथली मुलं संशोधनात फारशी पोचत नाहीत अशा घरांसाठी आहे म्हणे. स्वतःच्या परिस्थितीवर निबंध लिहायचा. तिने लिहिलं, 'आईवडिलांपैकी कुणी पदवीधर नाही, पेल ग्रँटवर शिकते.' (पेल ग्रँट म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना कॉलेजसाठी मिळणारी सरकारी मदत.) ह्यांनी ते वाचलं आणि भरलं ताट बाजूला सारलं. "घराची गरिबी वेशीवर टांगायची?" चार दिवस बापलेकीत अबोला आहे. त्यात ती म्हणते, हे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांसाठीच असतं, इंडियन आडनाव बघून बाजूला काढतील. खरं काय? फेब्रुवारीत मुदत संपते.

पाटील_एडिसन
राग मानू नका, पण आपल्यातला इथला दर दुसरा माणूस डॉक्टर नाहीतर आयटीवाला. त्या जागा दुसऱ्यांसाठी ठेवल्यात, त्यांच्या ताटातलं ओढू नये.

झेब्रामासा
पाटीलसाहेब, दर दुसरा आयटीवाला असेलही, पण ह्या ताई दर पहिल्यातल्या आहेत!

ताई, मी अशाच एका लॅबमध्ये पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक आहे, दोन उन्हाळे ही मुलं सांभाळलीत. ह्यातल्या बऱ्याच कार्यक्रमांना पैसा एनआयएचच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या, हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेकडून येतो. संशोधनात कमी दिसणाऱ्या वंशांच्या एनआयएचच्या यादीत आशियाई वंश म्हणून आपण मोडत नव्हतो, इथवर लेकीचं बरोबर. पण त्याच व्याख्येत घरच्या परिस्थितीचा वेगळा रस्ता होता, त्याला वंश लागत नसे. आईवडिलांपैकी कुणाकडे पदवी नाही, पेल ग्रँटला पात्र, शाळेत फुकट किंवा सवलतीचं जेवण, अशा यादीतल्या दोन गोष्टी जुळल्या की झालं. तुमच्या दोन जुळतातच. म्हणजे आपल्याकडचा ईबीसीचाच फॉर्म समजा, फक्त तहसीलदाराचा शिक्का नाही.

२०२५ मध्ये सरकारने विविधतेच्या नावाच्या अनुदानांवर कात्री चालवली. त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका, प्रत्येक ठिकाणचे यंदाचे नियम तिने स्वतः वाचावेत आणि एकावर न थांबता सहा-सात ठिकाणी अर्ज टाकावेत. ग्रीन कार्ड चालतं. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना मात्र एनआयएचच्या ह्या पैशातून घेत नाहीत, इतर वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. शिफारसपत्र तीनशे मुलांच्या वर्गातल्या मोठ्या प्रोफेसरकडून नको. जिने हिला प्रॅक्टिकलला हाताने काम करताना पाहिलंय, तिच्याकडून घ्या.

तिथे करतात काय, हे घरी सांगायला. आमच्याकडे झेब्राफिश आहेत, प्रयोगांसाठी पाळतात ते छोटे पट्टेरी मासे. त्यांची पिल्लं काचेसारखी पारदर्शक, दोन दिवसांच्या पिल्लाचं हृदय सूक्ष्मदर्शकाखाली धडधडताना दिसतं. पहिल्या आठवड्यात काम एवढंच: पंधरा सेकंद ठोके मोज, चारने गुण, वहीत लिही. गेल्या उन्हाळ्यातली मुलगी, वडील ट्रक चालवतात, दुपारी धावत आली की औषधाने ठोके घसरले. मीही खूश. मग तिनेच सांगितलं, औषध न दिलेल्या पिल्लांचेही घसरलेत. मासे वाढवतो २८.५ अंशांवर आणि मोजायची खोली एसीने गार पडली होती. थंड रक्ताचा प्राणी, ठोके मंदावणारच. दिवस फुकट गेला, पण दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून थर्मामीटर घेऊन बसली. कुणी न सांगता! माझ्या मते प्रशिक्षण तिथे झालं, शेवटच्या पोस्टरमध्ये नाही.

आणि तुमच्या मिस्टरांना व्हिव्हियन थॉमसबद्दल सांगा. नॅशव्हिलचा कृष्णवर्णीय सुतार. महामंदीत सुतारकाम गेलं, म्हणून १९३० मध्ये सर्जन डॉ. ब्लॅलॉक यांच्या लॅबमध्ये लागला. कॉलेजसाठी साठवलेले पैसेही पुढे बँकेबरोबर बुडाले. पगारपत्रकावर तो झाडूवालाच होता. जन्मतः हृदयात दोष असलेल्या निळ्या पडणाऱ्या बाळांवरची शस्त्रक्रिया त्याने आधी कुत्र्यांवर करून बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ ला जॉन्स हॉपकिन्समध्ये ती पहिल्यांदा झाली, तेव्हा ब्लॅलॉक यांच्या खांद्यामागे स्टुलावर उभा राहून तो टाके कसे घालायचे ते सांगत होता. कॉलेजची पदवी त्याच्याकडे कधीच नव्हती. विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये.

पाटील_एडिसन
पेल ग्रँटचं माझ्या वाचण्यात निसटलं होतं. शब्द मागे घेतो. लेकीला शुभेच्छा.

चिपळूणची_माय
काल रात्री ह्यांना सगळं वाचून दाखवलं. सुताराचं दोनदा वाचायला लावलं. रंधा मारणाऱ्या माणसाचा हात टाक्यांवर बसणारच, म्हणाले. मग उठून पेटी उघडली आणि तळातनं आयटीआयचं सर्टिफिकेट काढून पोरीपुढे ठेवलं. "पदवी नाही, हे लिही. पण पुढे फर्स्ट क्लास आहे, तेही लिही." तिने लिहिलंय.

मासे म्हणाल तर आम्ही कोकणातले, त्याची काही भीती नाही. हे म्हणाले, आपण आजवर त्यांचे काटेच मोजत आलो, पोरगी ठोके मोजेल.