रजोनिवृत्तीनंतर लागणारी धाप

अबोली, डिचोली:
माझे वय ५१ असून पाळी बंद होऊन दोन वर्षे झाली. मी कधी विडी-सिगरेट ओढलेली नाही, घराण्यात कुणाला दमा नाही. तरीही गेल्या पावसाळ्यापासून भरलेली कळशी घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबावे लागते आणि रात्री श्वास कोंडून जाग येते. नणंद म्हणते, हे वयाचेच. पाळी जाण्याचा आणि फुप्फुसांचा खरेच काही संबंध असतो का?

केवडा, फोंडा:
ताई, संबंध आहे. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोपातील १,४३८ स्त्रियांच्या सुमारे २० वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पूर्ण श्वास घेऊन बाहेर टाकता येणारी हवा रजोनिवृत्तीच्या काळात व त्यानंतर वयोमानापेक्षा जास्त वेगाने घटल्याचे दिसले. ही घट दहा वर्षे रोज २० सिगरेटी ओढल्याने होणाऱ्या घटीएवढी होती. पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा मात्र त्या मानाने कमी घटली, म्हणजे श्वासनलिका आवळण्यापेक्षा फुप्फुस पुरेसे न फुगणे हा मुद्दा अधिक दिसतो. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाल्यावर हाडे ठिसूळ होतात, पाठीचे मणके खचले तर छातीचा पिंजरा आखडतो, आणि शरीरातील सौम्य दाहही वाढतो. रात्रीच्या त्रासाचे कारण वेगळे असू शकते: प्रोजेस्टेरॉन हे दुसरे स्त्री-संप्रेरक श्वसनाला चालना देते आणि ते ओसरल्यावर झोपेत घसा मिटून श्वास थांबण्याचे प्रमाण वाढते. तुम्ही घोरता का, हे घरच्यांना विचारावे.

सुरंगी, वास्को:
वरील माहिती योग्य असली, तरी सगळे पाळीच्या माथी मारू नये. माझ्या थोरल्या जावेची धाप वर्षभर ‘वयाची’ म्हणून सोडून दिली होती. मूळव्याधीतून रक्त जाऊन हिमोग्लोबिन ७ वर आल्याचे नंतर कळले. चढताना धाप आणि रात्री श्वास कोंडणे ही हृदयविकाराचीही लक्षणे असतात, म्हणून स्पायरोमेट्रीबरोबर (नळीत फुंकून होणारी फुप्फुसांची तपासणी) ईसीजी, रक्त आणि थायरॉइडची तपासणी लवकर करावी. आणखी एक विचारते: न्हाणीतल्या भाणात (तांब्याच्या हंड्यात) पाणी तापवायला सोडणे, म्हणजे नारळाची सालपटे, जाळता का? तो धूरही सिगरेटीपेक्षा सौम्य नसतो.

अबोली, डिचोली:
जाळते, लग्न झाल्यापासून रोज पहाटे. हा धूर मी कधी हिशेबात धरलाच नव्हता. घोरण्याबद्दल यजमानांना विचारले, तर ते नुसते हसले. सोमवारी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जाणार आहे. नळीत फुंकण्याच्या त्या तपासणीआधी सकाळचा चहा चालतो का, तेवढे कृपया कळवावे.