अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन याचं सरकार इंग्लंडपुढे झुकलं ते भित्रेपणानं, की गल्ला रिकामा होता म्हणून?

हिशेबी माणूस
हा विषय निघाला की लोक दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, एक अर्थमंत्री हॅमिल्टननं मांडलेल्या सरकारी कर्जाची आणि दुसरी फ्रान्स-इंग्लंडच्या भांडणात तटस्थ राहण्याची. मला विचाराल तर गोष्ट एकच आहे. १७९० मध्ये हॅमिल्टननं हिशेब मांडला तेव्हा केंद्राच्या डोक्यावर अंदाजे ५.४ कोटी डॉलर कर्ज, त्यात १ कोटीच्या वर परदेशी, आणि वर राज्यांचं आणखी अडीच कोटी धरलेलं. हे व्याज भागवायचं कशातून? जमिनीवर कर लावायची कुणाची छाती नव्हती, कर्जबाजारी शेतकऱ्यांचा शेजचा उठाव होऊन चार वर्षंही झाली नव्हती. मग उरला बंदरावरचा जकातीचा पैसा आणि बंदरात येणारा तयार माल बहुतेक इंग्लंडचा. म्हणजे इंग्लंडशी भांडण म्हणजे गल्ला बंद, गल्ला बंद म्हणजे व्याज थकलं, आणि व्याज थकलं की पुन्हा तीच स्वातंत्र्ययुद्धात छापलेल्या काँटिनेंटल नोटांची अवस्था, ज्यांना कुत्रं विचारत नव्हतं. त्यामुळे एप्रिल १७९३ ची तटस्थतेची घोषणा मला तत्त्वापेक्षा खातेवही बघून काढलेली वाटते, आणि त्यात मला तरी काही चूक दिसत नाही.

जेफरसनचा शेजारी
चूक दिसत नाही?? अहो, ज्या फ्रान्सच्या पैशावर, दारूगोळ्यावर आणि आरमारावर स्वातंत्र्याची लढाई जिंकली त्याच्याशी १७७८ चा करार होता, वेस्ट इंडीजमधली त्यांची बेटं वाचवायला मदत करू असं लिहून दिलेलं होतं. फ्रेंचांनी आपल्या राजाचं डोकं उडवलं म्हणून करार संपला का, करार देशाशी असतो. आणि ते कर्जफेडीचं कौतुक तर सांगूच नका. सैनिकांना पगाराऐवजी कागद दिले होते, पोटाला लागलं म्हणून त्यांनी ते डॉलरमागे वीस-पंचवीस सेंटला विकले, मग आतली बातमी लागलेल्या लोकांनी जलद बोटी करून दक्षिणेकडे माणसं पाठवली, कागद गोळा केले आणि सरकारनं त्यांना पूर्ण किंमत दिली. प्रतिनिधीगृहातला मॅडिसन म्हणाला निदान मूळ मालकाला काहीतरी द्या, तर ३६ विरुद्ध १३ नं पडला. त्या सट्टेबाजांतला ड्युअर हा हॅमिल्टनच्याच खात्यात हाताखाली होता, १७९२ ला बुडाला आणि तुरुंगात गेला. ही तुमची पत.

हिशेबी माणूस
ड्युअरचं बरोबर आहे, त्याचा बचाव मी करणार नाही. पण मॅडिसनचा मार्ग बघा ना प्रत्यक्षात. कागद चार-पाच हात बदललेला, मूळ मालक कोण हे शोधायचं कुणी, आणि मुख्य म्हणजे ज्यानं विकत घेतला त्याला सरकार म्हणतं तुला अर्धेच, मग पुढच्या वेळी सरकारचा कागद कोण घेणार? अन्याय झालाच, पण ॲमस्टरडॅमच्या सावकारांनी हातचं न राखता पुढे पैसे दिले ते यामुळेच, आणि त्याच डच कर्जातून फ्रान्सचं देणं फेडलं गेलं. फ्रान्सला दगा दिला म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.
आणि फ्रान्सचा वकील जेने, त्याला विसरलात वाटतं! एप्रिल १७९३ मध्ये चार्ल्स्टनला उतरला आणि राष्ट्राध्यक्षांना भेटायच्या आधीच जहाजांना लुटीचे परवाने वाटत सुटला. त्याला परत बोलवा म्हणून मागणी करणारं पत्र परराष्ट्रमंत्री असलेल्या तुमच्याच जेफरसननं लिहिलं.

जेफरसनचा शेजारी
जेने मूर्ख होता, मान्य. पण तटस्थ राहून मिळालं काय? त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्रिटिश हुकूम निघाला आणि वेस्ट इंडीजकडची अडीचशेच्या वर अमेरिकन जहाजं धरली. मग वॉशिंग्टनचा वकील म्हणून जॉन जे गेला लंडनला, करार करून आला, त्यात खलाशी पकडून नेण्याबद्दल अक्षर नाही. लोकांनी त्याचे पुतळे जाळले ते उगाच नाही.

घाटापलीकडचा
दोघंही बंदराच्या बाजूनंच बोलताय, जरा डोंगर ओलांडा. ॲलेगेनी डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याचं राय नावाचं धान्य पूर्वेच्या बाजारात न्यायचं तर घोड्यावर चार बुशेल (धान्याचं माप) मावणार, वाटेतच भाडं खाऊन टाकणार. दारू केली तर त्याच घोड्यावर चोवीस बुशेलचं धान्य जातं. म्हणून भट्टी, आणि हातात नाणं नसल्यामुळे दारूच नाण्यासारखी चालायची. त्यावर १७९१ ला कर, तोही रोख, आणि खटला लागला तर फिलाडेल्फियाला, तीनशे मैल! मोठ्या भट्टीवाल्याला मात्र एकरकमी भरून गॅलनमागे कमीच पडायचा.
आता धान्य नदीनं का गेलं नाही? कारण १७८४ पासून स्पेननं मिसिसिपीचं तोंड अमेरिकनांना बंद केलं होतं. म्हणजे १७९४ चं ते दारूबंड (ज्यावर वॉशिंग्टननं जवळजवळ तेरा हजारांचं सैन्य नेलं, इतके जण तर तो युद्धातही क्वचित हाताशी धरून असायचा) हे अर्धं परराष्ट्र धोरणाचं अपयश होतं. उत्तरेला डेट्रॉइट, नायगाराचे किल्ले इंग्रजांनी १७८३ नंतरही सोडले नव्हते, आणि १७९१ मध्ये अमेरिकन सेनापती सेंट क्लेअरचे सहाशेवर सैनिक मूळ रहिवाशांच्या फौजेनं एका सकाळीत मारले. ज्यांची ती जमीन होती त्यांचं या हिशेबात कुणी विचारतही नाही, ते एक वेगळंच.

हिशेबी माणूस
हा मुद्दा मी धरलाच नव्हता, मान्य. पण मग जॉन जेच्या कराराकडे पुन्हा बघा. खलाशांचं काही मिळालं नाही, पण १७९६ मध्ये किल्ले रिकामे झाले. आणि इंग्लंड-अमेरिका जवळ येतायत या धास्तीनंच स्पेननं ऑक्टोबर १७९५ मध्ये अमेरिकेचा वकील पिंकनी याच्याशी करार करून नदी खुली केली आणि न्यू ऑर्लिन्सला माल उतरवायची मुभा दिली, असं मला वाटतं. तुमच्या शेतकऱ्याला ज्या करारानं रस्ता मिळाला त्याच्या मागे लोक जाळत होते तोच करार उभा होता.

जेफरसनचा शेजारी
असं मागून जोडलं तर काहीही जुळतं. जेचा करार सिनेटमध्ये २० विरुद्ध १०, म्हणजे दोन तृतीयांशाला बरोब्बर चिकटलेलं, एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर? मग पुढच्या वर्षी प्रतिनिधीगृहात त्याच्या खर्चाची मंजुरी ५१-४८. याला तुम्ही हिशेबी धोरण म्हणता, मी नशीब म्हणतो.

घाटापलीकडचा
नशीब असेल, पण नदी १७९४ च्या आधी खुली झाली असती तर ते सैन्य पाठवावं लागलं असतं का, एवढंच सांगा दोघं.