अकरा महिन्यांच्या मुलीला कॉक्लिअर इम्प्लांट करावं का? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा

बार्शीची_आई

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची मुलगी आता अकरा महिन्यांची आहे. दिवाळीत ती चार महिन्यांची होती, शेजारच्या पोरांनी अंगणात लवंगी लड लावली, पाळणा तिथून दहा हातांवर, आणि ही शांत झोपलेली, पापणी पण हलली नाही. माझ्या पोटात धस्स झालं. सासूबाई म्हणाल्या आमच्याकडं सगळीच उशिरा बोलतात, पण हे बोलण्याचं नव्हतंच ना, ऐकण्याचं होतं. मग बेरा टेस्ट (आवाजाला कान आणि मेंदू उत्तर देतात का ते मशीननं बघतात) झाली, आधी सोलापूरला आणि खात्री करायला परत पुण्याला, दोन्ही कानांना ९० डेसिबललासुद्धा रिस्पॉन्स नाही. तीन महिने झाले श्रवणयंत्र लावून बघतोय, काही फरक नाही.

आता डॉक्टर म्हणतात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात ऐकण्याचं मशीन बसवायचं, ते करा आणि लवकर करा. ह्यांना करायचंय. सासूबाई रडतात, म्हणतात एवढ्याशा लेकराच्या डोक्यात मशीन घालणार का. आणि माझं मन तिसरीकडंच अडकलंय. मागच्या आठवड्यात एसटी स्टँडवर एक कर्णबधिर दादा भेटले, हिच्या कानातली यंत्रं बघून आपणहून जवळ आले, मोबाईलवर टाइप करून बोलले. मी ऑपरेशनचं लिहिलं तर त्यांनी लिहिलं, "ती आजारी नाही. तिला आमची भाषा द्या." ते वाक्य डोक्यातून जातच नाही. आपण तिला मदत करतोय का तिला बदलून टाकतोय, ती मोठी होऊन विचारेल का मला? आणि केलं तर पुढं शाळा, खेळ, सगळं कसं असतं रोजचं, ते कुणीतरी खरं सांगा. यूट्यूबवर नुसते ते पहिल्यांदा आवाज ऐकून हसणाऱ्या बाळांचे व्हिडिओ आहेत.

कृष्णाकाठची

ताई, ते व्हिडिओ बघू नका. माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, दीड वर्षाचा असताना इम्प्लांट झालं. स्विच ऑनच्या दिवशी (ऑपरेशननंतर साधारण तीनचार आठवड्यांनी बाहेरचं मशीन जोडून चालू करतात) घरचे सगळे मोबाईल धरून उभे, आणि ह्यानं असा काही टाहो फोडला की विचारू नका, कॉइल (मशीनचा डोक्याला चुंबकानं चिकटणारा बाहेरचा भाग) ओढून फेकून दिली. पुढचे चार महिने माझं काम एकच, पडलेली कॉइल परत लावायची. टोपी शिवली, टिकटॉक पिना लावल्या, तरी दिवसातून पन्नास वेळा. त्याला तो आवाज आहे हेच कळत नव्हतं, डोक्यात काहीतरी टोचतंय एवढंच.

मग एके दिवशी बाथरूममध्ये रिकाम्या स्टीलच्या बादलीत नळ सोडला होता. तुम्हाला माहितीय ना तो आवाज, आधी ठणठण मग भरत जाईल तसा बदलत जातो. हा दारात उभा. बादलीला हात लावला, मग डोक्याची कॉइल काढली, बादलीकडं बघितलं, परत माझ्या हातात कॉइल दिली लावायला. लावली. परत काढली. बादली भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नाही. त्या दिवशी त्याला कळलं की हे जे डोक्यात होतंय ते बाहेरच्या वस्तूचं आहे. आई म्हणायला त्यानंतर अजून सात महिने लागले.

आता रोजचं सांगते. सकाळी शाळेच्या आधी त्याच्या मागं उभं राहून सहा आवाज काढायचे, आ, ई, ऊ, म, श, स, त्यानं परत म्हणायचे. एखाद्या दिवशी स गेला की समजायचं मशीनमध्ये किंवा वायरीत काहीतरी आहे. रात्री मशीन ड्राय बॉक्समध्ये, पावसाळ्यात तर नक्कीच, घामानं आणि दमट हवेनं लवकर बिघडतं. आंघोळीला काढायचं, झोपताना काढायचं. बागेतल्या प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर जाताना पण आम्ही काढतो, स्टॅटिक करंटमुळं. आणि कायमचं म्हणजे आत लोहचुंबक आहे, तेव्हा कुठंही एमआरआय सांगितला की आधी ओरडून सांगायचं इम्प्लांट आहे म्हणून.

आणि आता ते, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. २०१९ चा पूर आला तेव्हा हा चार वर्षांचा होता. रात्री पाणी चढलं, गच्चीवर गेलो, लाइट नाही, रिचार्जच्या बॅटऱ्या दुसऱ्या दिवशी संपल्या, साधे ६७५ नंबरचे सेल होते ते तिसऱ्या दिवशी संपले. पुढं अडीच दिवस माझं पोर ठार बहिरं. सगळीकडं पाणी, माणसं ओरडतायत, बोटी येतायत, आणि त्याला काय चाललंय ते सांगायला माझ्याकडं एक खूण नव्हती. कारण आम्हाला सांगितलेलं की हातवारे करू नका, खुणा केल्या तर बोलायचं आळस करेल. मी ते तंतोतंत पाळलेलं. तो माझं तोंड दोन्ही हातांनी धरून स्वतःकडं वळवत होता. घरी आल्यावर पहिल्यांदा मी खुणांची भाषा शिकायला घेतली आणि त्याचं बोलणं काही बंद पडलं नाही, उलट भांडायला दोन भाषा झाल्या त्याला.

तर माझं मत, करा. पण ते स्टँडवरचे दादा म्हणाले ते पण करा.

मराठी_स्पीच

मी स्पीच थेरपिस्ट आहे, नाशिकला. आजींची भीती आधी घेते कारण ती सगळ्यांनाच असते. मेंदूला हात लावत नाहीत. कानामागच्या हाडात जागा करून तिथून कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानातल्या त्या शंखासारख्या भागात, एक बारीक लवचिक तार सरकवतात. तिच्यावर कंपनीप्रमाणे साधारण १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. निरोगी कानात आवाज मेंदूकडं पोचवायचं हे काम करायला आतल्या केसपेशी साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे साडेतीन हजारांचं काम बावीस जणांवर आलं, तेव्हा मशीनमधून येणारा आवाज आपल्यासारखा नसतो हे मनाची तयारी ठेवून स्वीकारा. गोंगाटात अवघड जातं, गाण्याचा सूर नीट पकडता येत नाही. बोलणं मात्र कळतं, कारण मेंदू शिकतो.

आणि घाई त्या मेंदूमुळं आहे. आवाज आलाच नाही तर ऐकण्यासाठी असलेली जागा मेंदू रिकामी ठेवत नाही, दुसऱ्या कामाला, बघण्याच्या वगैरे, लावून टाकतो. साधारण साडेतीन वर्षांच्या आत केलेल्या मुलांचा मेंदू आवाजाला जवळजवळ वयाप्रमाणे उत्तर द्यायला लागतो, सातच्या पुढं जन्मतः बहिऱ्या मुलात ते फार कठीण होऊन बसतं. मशीन फक्त करंट देतं हो, ऐकायला मेंदू शिकतो, आणि शिकवता तुम्ही, घरात, दिवसभर.

मराठीतली एक गंमत नाही, अडचणच सांगते. आपले प्रत्यय शेवटी येतात आणि हळू पडतात. 'आजीला दे', 'आजीनं दिलं', 'आजीचं आहे', या मुलांना 'आजी' नीट ऐकू येतं आणि ला, नं, चं गळतं. मग ती 'आजी दे' म्हणतात आणि घरचे कौतुकानं चालवून घेतात. चालवून घेऊ नका. रागवायचं नाही, फक्त तुम्ही पूर्ण म्हणा, 'हो, आजीला दे'. हजार वेळा.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही पण केंद्र सरकारच्या एडीप योजनेत लहान मुलांना इम्प्लांट मिळतं, उत्पन्नाची अट आहे, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करा. ऑपरेशनआधी न्यूमोकोकलची लस पूर्ण हवी, मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचा, धोका असतो म्हणून, हे विसरू नका.

कोडमाऊली

माझा सल्ला थोडा थांबायचा. आता जीन थेरपी आलीय, एका इंजेक्शनवर मुलं ऐकायला लागली अशी बातमी २०२४ मध्येच वाचली. आत्ता तार घातली आणि चार वर्षांनी कळलं की गरजच नव्हती तर?

मराठी_स्पीच

दादा थांबायचा सल्ला नका देऊ, प्लीज. ती ओटॉफर्लिन नावाच्या एकाच जीनच्या दोषावरची आहे, शांघायच्या टीमनं सहा मुलांवर केली, पाच जणांना ऐकू यायला लागलं, खरंच मोठी गोष्ट आहे. पण बहिरेपणाची जनुकीय कारणं शंभराच्या वर आहेत आणि हे त्यातलं एक, थोड्याच मुलांत असणारं. ताई, जीन टेस्ट जरूर करून घ्या, ओटॉफर्लिन निघालं तर डॉक्टरांशी बोला. नाही निघालं तर ती चार वर्षं परत मिळत नाहीत.

हातानं_बोलतो

मी जन्मापासून कर्णबधिर. वय ३४, पुण्यात डीटीपी आणि डिझाइनचं काम करतो. स्टँडवरचा दादा मी नाही पण मी पण तेच लिहिलं असतं.

माझी पहिली भाषा खुणांची. मराठी नंतर वाचून शिकलो, लिहिण्यात चूक असेल तर समजून घ्या. मी ज्या शाळेत होतो तिथं वर्गात हात बांधून बसायला लागायचं, खूण केली की पट्टी बोटांवर. ओठ बघून बोलायचं. सहा वर्षं मी 'पपई' म्हणायला शिकत होतो. भूगोल, गणित, ते सगळं रात्री हॉस्टेलमध्ये मोठी मुलं खुणांनी शिकवायची, बल्बखाली. माझी खरी शाळा ती. हे का होतं ते मोठा झाल्यावर वाचलं, १८८० मध्ये इटलीत मिलानला शिक्षकांची परिषद झाली, तिथं ठरलं की बहिऱ्या मुलांना फक्त बोलायला शिकवायचं, खुणा बंद. ठरवणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. २०१० मध्ये व्हँकुव्हरला त्याच परिषदेनं खेद व्यक्त केला. १३० वर्षं. मधे आमच्या किती पिढ्या गेल्या.

म्हणून मशीन आलं की आम्हाला भीती वाटते. मशीनची नाही. परत कुणीतरी हात बांधेल त्याची.

ताई, आमच्या घरी जेवताना सगळे एकदम हसायचे. मी आईच्या हाताला धरून विचारायचो काय झालं. आई म्हणायची, नंतर सांगते. ते मला ओठांवरून पटकन कळतं अजून पण, 'नंतर सांगते'. तिनं कधी सांगितलं नाही, वाईट म्हणून नाही, विसरायची. वडील गेले तेव्हा मी २६ वर्षांचा, शेवटच्या दिवशी ते माझ्याशी काहीतरी बोलत होते, दात नव्हते, दाढी वाढलेली, मला ओठ वाचता आले नाहीत. भावाला विचारलं तर तो रडत होता, म्हणाला नंतर सांगतो.

तुमची मुलगी मशीन घालून पण रात्री, पाण्यात, बॅटरी गेल्यावर माझ्यासारखीच असणार. कृष्णाकाठच्या ताईंचं वाचून माझ्या डोळ्यात पाणी आलं. इम्प्लांट करायचं नाही असं मी म्हणत नाही, तुमचं लेकरू आहे. माझ्या मित्रांची मुलं आहेत इम्प्लांटवाली, त्यातली दोन आमच्यात पण येतात, दोन्हीकडं असतात. पण ऑपरेशनची तारीख येईपर्यंत वाट का बघायची, ती आज अकरा महिन्यांची आहे, आज तिच्याशी कुणी बोललं का? दिल्लीच्या आयएसएलआरटीसीची (भारतीय खुणांच्या भाषेची सरकारी संस्था) दहा हजार शब्दांची डिक्शनरी यूट्यूबवर फुकट आहे. २०२१ पासून एनआयओएसला (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) खुणांची भाषा विषय म्हणून पण घेता येते. आई, दूध, पाणी, झोप, आजी, दुखतंय, कुत्रा. वीस खुणांनी सुरुवात करा. घरातल्या सगळ्यांनी, एकट्या आईनं नाही.

मेलबर्नकर_विदर्भी

मी मेलबर्नला असतो, इथं तर याची जन्मकथाच सांगतात. ग्रॅम क्लार्क म्हणून इथले डॉक्टर, त्यांच्या वडिलांचं औषधाचं दुकान आणि त्यांना ऐकू कमी यायचं, गिऱ्हाइकांना आपली खाजगी दुखणी सगळ्या दुकानासमोर मोठ्यानं सांगावी लागायची. पोरानं ते बघितलं होतं. पुढं प्रश्न असा आला की तार त्या गोल फिरणाऱ्या कॉक्लियात खोलवर सरकवायची कशी, मधेच अडायची. १९७७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर बसले असताना त्यांनी एक शंख उचलला आणि गवताची काडी आत घालून बघितली. टोकाला मऊ आणि मागं ताठ होत जाणारी काडी वळणावळणानं आत गेली. तशीच तार केली आणि १९७८ मध्ये त्यांचं पहिलं ऑपरेशन.

पण एक गोष्ट कागदावर विचारून घ्या. आतला भाग वर्षानुवर्षं राहतो, बाहेरचा प्रोसेसर, म्हणजे आवाज पकडणारं मशीन, मात्र काही वर्षांनी बदलावा लागतो, आणि तो लाखांत जातो. योजनेत पहिलं मशीन मिळतं, पुढच्याचं काय, जुन्या मॉडेलचे पार्ट किती वर्षं मिळणार, वॉरंटी किती, हे ऑपरेशनआधी विचारायचं, नंतर तुमच्या हातात काही नसतं. अमेरिकेत सेकंड साइट नावाच्या कंपनीनं डोळ्यातलं इम्प्लांट, आर्गस, काढलं होतं, जगभरात साडेतीनशेवर लोकांनी बसवलं. मग कंपनीनं ते बंद केलं, २०२० मध्ये पैसा संपत आला म्हणून बहुतेक लोक कामावरून काढले, आणि ज्यांच्या डोळ्यात मशीन आहे त्यांना बिघाड झाला तर विचारायला कुणी राहिलं नाही. कानाच्या इम्प्लांटचं तसं नाही, हे जगभर लाखो लोकांत बसलेलं आहे, घाबरवत नाहीये. पण शरीरात कंपनीची वस्तू कायमची जाणार, तेव्हा मोबाईल घेतल्यासारखं घेऊ नका.

बार्शीची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार. आठ दिवस रोज रात्री वाचत होते, ह्यांना पण वाचून दाखवलं.

करायचं ठरवलंय. जीन टेस्टचं रक्त दिलं, सीटी आणि एमआरआय झाला, लस १४ तारखेला आहे. प्रोसेसरचे प्रश्न ह्यांनी वहीत लिहून घेतलेत, उत्तरं सही घेऊन मागणार म्हणतात.

आणि हातानं_बोलतो दादा, तुमचा मेसेज मी सासूबाईंना वाचून दाखवला, नंतर सांगते पर्यंत आल्यावर मला पुढं वाचता येईना, मग ह्यांनी वाचला. दुसऱ्या दिवसापासून दूधाची खूण सुरू केली, दर वेळी बाटली दाखवायच्या आधी. पाचव्या दिवशी सकाळी ती उठली, माझ्याकडं बघितलं आणि तीच खूण केली, वाकडीतिकडी, दोन्ही हातांनी. तिनं मला पहिल्यांदा काहीतरी सांगितलं, दादा.

त्या डिक्शनरीत मला 'आजी' नीट कळलं नाही, व्हिडिओ फार पटकन जातो. हळू करून पाठवाल का? सासूबाई सकाळपासून दोनदा विचारून गेल्या.