हॅकिंटॉश अडकला की कुणाचा तरी तयार ईएफआय पाठवणं बंद करूया

खटपट्या:

हॅकिंटॉश म्हणजे ॲपलचं मॅकओएस चालवणारा साधा पीसी. गेल्या आठवड्यात आतेभावाचा असाच एक पीसी माझ्याकडे आला. आय-५ ९६००के, झेड ३९० बोर्ड, १६ जीबी रॅम, आरएक्स ५७०. मॅकओएस बसवायला यात नाव ठेवण्यासारखं काही नाही. तरी तीन आठवडे त्याचं सिक्वोया, म्हणजे मॅकओएसची एक आवृत्ती, बसत नव्हतं. स्क्रीनवर दर वेळी शेवटची ओळ तीच, 'एक्झिट-बीएस स्टार्ट', आणि पुढे सगळं ठप्प.

या तीन आठवड्यांत त्याने मदत मागितली नव्हती असं नाही. चौघांकडे मागितली आणि चौघांनी आपापल्या ईएफआय फोल्डरच्या चार झिप फाइल पाठवल्या. "माझ्याकडे चालतंय, पेन ड्राइव्हवर टाक." एकानेही त्याला बोर्डाचं पूर्ण नाव विचारलं नाही.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ईएफआय फोल्डर म्हणजे पेन ड्राइव्हच्या छोट्या फॅट ३२ विभागात बसणारं सामान: मॅकओएस सुरू करून देणारा ओपनकोर हा बूटलोडर, लिलू आणि व्हर्च्युअल-एसएमसीसारखे केक्स्ट (मॅकओएसच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडले जाणारे ड्रायव्हरसारखे तुकडे), बोर्डावर काय काय आहे ते सांगणाऱ्या, बोर्डाप्रमाणे बदलणाऱ्या एसीपीआय फाइल आणि या सगळ्यांना हुकूम देणारी कॉन्फिग डॉट पीलिस्ट ही सेटिंगची फाइल. आपण खऱ्या मॅकवर चालतोय असं मॅकओएसला वाटतं ते या फोल्डरमुळे. म्हणजे ते त्या एका मशीनच्या मापाने शिवलेलं असतं.

आतेभावाने शेवटी टाकलेलं फोल्डर झेड ३७०चं होतं. सॉकेट तोच, एलजीए ११५१. पिढी तीच. पण एक्झिट-बीएस हा फर्मवेअरने, म्हणजे बोर्डातल्याच सॉफ्टवेअरने, आपल्या सेवा बंद करून मशीन कर्नलच्या हाती देण्याचा क्षण असतो. मेमरीचा नकाशा त्या वेळी नीट नसेल तर कर्नलला पाय ठेवायला जागा मिळत नाही. झेड ३९०ला तिथे पीलिस्टमधलं 'प्रोटेक्ट यूईएफआय सर्व्हिसेस' हे सेटिंग चालू लागतं, झेड ३७०ला लागत नाही. शिवाय झेड ३९०वर एनव्हीरॅम, म्हणजे मशीन बंद असतानाही सेटिंग जपणारी मेमरी, चालायला एसएसडीटी-पीएमसी ही एसीपीआय फाइल लागते, तीही त्या फोल्डरमध्ये नव्हती. एक खूण बदलली, एक फाइल घातली आणि मशीन पुढे सरकलं.

सरकलं आणि गोल रेघेच्या मनाई चिन्हावर थांबलं. त्याच्या वर ओळ होती 'स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस'. मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर पंधराच पोर्ट मोजतं आणि एक निळा पोर्ट दोन धरतं, एक यूएसबी २ म्हणून आणि एक यूएसबी ३ म्हणून. ही मर्यादा उठवणारी जुनी युक्ती मॅकओएस बिग सर ११.३पासून चालत नाही, म्हणून प्रत्येकाला आपल्या पोर्टांचा नकाशा बनवावा लागतो. फोल्डरमधला नकाशा दुसऱ्याच्या बोर्डाचा होता. पेन ड्राइव्ह खोचलेला पोर्ट त्यात नव्हताच! ओपनकोरपर्यंत पेन ड्राइव्ह दिसत होता, कर्नल आल्याबरोबर गायब.

मला खरा राग आला तो पुढच्या गोष्टीचा. त्या फोल्डरमध्ये देणाऱ्याच्या मशीनचा मालिका क्रमांक तसाच होता. आतेभाऊ त्यावर आपल्या ॲपल खात्याने लॉगिन करणार होता. एकच क्रमांक दहा जणांकडे फिरला की आयमेसेज, फेसटाइम सगळ्यांचंच अडतं.

म्हणून म्हणतो, अडकलेल्याला फोल्डर देऊ नका. बोर्ड, ग्राफिक कार्ड, एसएसडी विचारा. पडद्यावर प्रत्येक पायरी छापणारा '-व्ही' हा पर्याय लावून बूट करायला सांगा आणि शेवटच्या वीस ओळींचा फोटो मागा.

रात्रपाळी:

असहमत. तुमची कळकळ पटते, निष्कर्ष पटत नाही.

२०२० साली मला एक्सकोड, म्हणजे ॲपलचं ॲप बनवायचं साधन, हवं होतं, कारण आयफोनचं ॲप दुसऱ्या कुठल्या यंत्रणेवर बांधता येत नाही. नवा मॅक घेण्याची ऐपत नव्हती. दिवसा नोकरी होती आणि घरात तान्हं बाळ. माझ्याच बोर्डाचं, त्याच बायोस आवृत्तीचं फोल्डर एका भल्या माणसाने दिलं आणि त्याच रात्री काम सुरू झालं. त्या ॲपवर मला पुढची नोकरी मिळाली. तेव्हा कुणी "आधी एसीपीआय शीक" म्हणून मला परत पाठवलं असतं तर?

तुमच्या आतेभावाच्या बाबतीत चुकीचं फोल्डर मिळालं. त्यावरून फोल्डर देणंच चूक ठरत नाही. आणि शिकण्याचं म्हणाल, तर मी चालणारी पीलिस्ट उघडूनच शिकलो. एक नोंद बंद करायची, काय बिघडतं ते पाहायचं. आधी वाचत बसलो असतो तर महिनाभरात सोडून दिलं असतं. ओपनकोरचं सगळं मार्गदर्शन इंग्रजीत आहे आणि भलं लांबलचक आहे. मराठी माध्यमातून डिप्लोमाला आलेल्या मुलाला "ते वाच" सांगणं फार सोपं आहे.

सोल्डरगन:

खटपट्यांशी सहमत, त्यात दोन गोष्टी जोडतो.

पहिली, ग्राफिक कार्ड. निम्मे लोक चुकीच्या कार्डावर महिना घालवतात. एनव्हिडियाच्या पास्कल पिढीच्या कार्डांना हाय सिएरापर्यंतच, म्हणजे मॅकओएस १०.१३पर्यंत, ड्रायव्हर मिळाले. जीटीएक्स १६५०सारख्या ट्युरिंग कार्डांना कधी मिळालेच नाहीत. जुन्या केप्लर पिढीच्या कार्डांचा आधार २०२१च्या मॅकओएस माँटेरेमध्ये गेला. तिथे कुठलाही ईएफआय कामाचा नाही. हे पहिल्या प्रश्नात कळलं तर माणसाचा महिना वाचतो. झिप पाठवणारा मात्र हे विचारतच नाही.

दुसरी, आवृत्ती. ओपनकोरच्या पीलिस्टमधल्या नोंदी आवृत्तीगणिक बदलतात. जुनी पीलिस्ट आणि नवा बूटलोडर एकत्र केले की चुका सुरू होतात. पीलिस्ट तपासणारं ओसी-व्हॅलिडेट ओपनकोरच्याच पॅकेजमध्ये येतं, ते चालवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

रात्रपाळी, तुम्हाला बोर्ड आणि बायोस दोन्ही जुळणारं फोल्डर मिळालं. असं किती जणांना मिळतं? आणि त्यातली सीएफजी लॉकची (प्रोसेसरच्या एका सेटिंगवर बायोसने लावलेल्या कुलपाची) खूण तुमच्या बायोसशी जुळली नसती तर त्या रात्री तुम्ही कुणाला विचारलं असतं?

बाभूळबन:

मला तुमचं दोघांचंही पटत नाही. हे सगळं कशासाठी करायचं?

मी २०१२पासून हॅकिंटॉश वापरले, आधी क्लोव्हर या जुन्या बूटलोडरवर, मग ओपनकोरवर. प्रेमाने वापरले. पण २२ जून २०२०ला ॲपलने स्वतःच्या चिपकडे जाण्याचं जाहीर केलं तेव्हाच हा रस्ता कुठे जातो ते दिसलं होतं. २०२५च्या जूनमध्ये त्यांनी ताहो ही इंटेलवरची मॅकओएसची शेवटची आवृत्ती असल्याचं सांगितलं. त्याआधीच्या सोनोमा आवृत्तीने जुन्या ब्रॉडकॉम वायफाय कार्डांचा आधार काढला. ताहोने ॲपल-एचडीए हा आवाजाचा ड्रायव्हर काढला, त्यामुळे आवाजासाठी ॲपल-एएलसी हा केक्स्ट एकट्याने पुरत नाही. हे परत आणायला सिस्टिममध्ये ठिगळं लावावी लागतात आणि त्यासाठी एसआयपी, म्हणजे सिस्टिमच्या फाइलींना हात लावू न देणारं मॅकओएसचं संरक्षण, ढिलं करावं लागतं. म्हणजे बँकेचे व्यवहार करायच्या मशीनची सुरक्षा आपणच कमी करायची.

आज कुणी मला विचारलं तर मी फोल्डरही देणार नाही आणि प्रश्नही विचारणार नाही. ॲपलच्या एम-१ चिपचा जुना मॅक मिनी घे म्हणेन. एक्सकोड चालेल, आयमेसेज चालेल, झोपवलेलं मशीन सकाळी जागं होईल.

तळटीप:

परवान्याचं कुणीच बोललेलं नाही. मॅकओएसच्या करारात ते ॲपलच्याच संगणकावर बसवायचं असं स्पष्ट आहे. फ्लोरिडाची सायस्टार कंपनी २००८ साली मॅकओएस घातलेले पीसी विकायला लागली. ॲपलने दावा लावला, २००९च्या नोव्हेंबरात निकाल ॲपलच्या बाजूने लागला आणि २०११ साली अपिलातही तो टिकला. तो खटला विकणाऱ्यावर होता, घरी खटपट करणाऱ्यावर नव्हता, हे खरं. पण करार सगळ्यांना तोच आहे. नवख्याला मदत करताना हे त्याला आधी सांगायला हवं, ठरवू दे त्याला.

खटपट्या:

तळटीप, मान्य. मी आतेभावाला हे सांगितलं नव्हतं. आज सांगतो.

बाभूळबन, तुमच्या हिशेबात चूक नाही. ज्याला फक्त काम करायचंय त्याला मीही एम-१च सुचवेन. पण आतेभावाकडे मशीन आधीच आहे, विंडोज वेगळ्या एसएसडीवर आहे, बँकेचं सगळं तिथेच. त्याला संगणक सुरू होताना आत काय घडतं ते बघायचंय. त्या दोन संध्याकाळी आम्ही फर्मवेअर, मेमरी मॅप, एसीपीआय यांवर जेवढं बोललो तेवढं त्याच्या दोन सत्रांत झालं नव्हतं. रस्ता संपणार आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून तर तो अजून चालू असताना दाखवायचाय.

रात्रपाळी, तुमचं इंग्रजीबद्दलचं म्हणणं मला लागलं. आतेभावाने झिपा का गोळा केल्या ते त्यातच आहे. चौथ्या पानावर तो अडकला आणि कुणाला विचारायची लाज वाटली, असं त्याने मला परवा सांगितलं.

रात्रपाळी:

मग फोल्डर द्या, पण उघडं करून द्या. प्रत्येक एसीपीआय फाइलच्या आणि प्रत्येक केक्स्टच्या नोंदीत कॉमेंटची जागा असते. तिथे मराठीत लिहा: ही पीएमसी फाइल झेड ३९०च्या एनव्हीरॅमसाठी, झेड ३७०ला नको. कॉमेंट नसलेलं फोल्डर मीही यापुढे कुणाला देणार नाही, एवढं कबूल.

एम-१बद्दलही सांगतो. त्यात रॅम वाढवता येत नाही. माझ्या मशीनमध्ये ३२ जीबी आहे आणि तीन ड्राइव्ह, ते सोडून मला आठ जीबीवर यायचं नाही.

सोल्डरगन:

कॉमेंटची कल्पना चांगली. यूएसबीचा नकाशा मात्र फोल्डरमध्ये ठेवूच नका. त्याची जागा रिकामी दिसली की माणूस स्वतः बनवतो. नकाशा बनवणारं यूएसबी टूलबॉक्स विंडोजमधून चालतं, त्यामुळे मॅकओएस बसण्याआधीच नकाशा तयार होतो.

खटपट्या:

ठरलं. आतेभावाच्या झेड ३९०चं फोल्डर कॉमेंटसकट इथे टाकतो. मालिका क्रमांक, एमएलबी, यूयूआयडी आणि रॉम, मशीनची ओळख सांगणाऱ्या चारही जागा रिकाम्या. यूएसबी नकाशा काढलेला. बायोसची आवृत्ती वर लिहिलेली. कॉमेंट आतेभाऊ लिहील, मी फक्त तपासेन.

थोडा वेळ लागेल, कारण मशीनचा आवाज अजून आलेला नाही. कोडेक, म्हणजे आवाजाची चिप, एएलसी १२२० आहे, तिची मांडणी ठरवणाऱ्या 'ॲल्सिड' या नोंदीला १ आणि ७ देऊन झालं, ११ आज रात्री पाहतोय.