नॅचेझचे वाडे बघावेत का?

रानजाई: न्यू ऑर्लिन्सहून परतताना वाट वाकडी करून दोन दिवस मिसिसिपीतल्या नॅचेझला राहिलो. १७१६ मध्ये फ्रेंचांनी इथे किल्ला बांधला. आज वस्ती जेमतेम पंधरा हजार. कड्यावर उभं राहिलं की खाली अफाट नदी, पलीकडे लुइझियाना. यादवी युद्धात गाव न लढता शरण आलं, म्हणून कापूस-मळेवाल्यांचे वाडे शाबूत राहिले. लाँगवूड चुकवू नका. अष्टकोनी, वर कांद्यासारखा घुमट. १८६१ मध्ये युद्ध पेटलं, उत्तरेकडचे कारागीर निघून गेले, वरचे मजले आजही विटा-लाकडाचे सांगाडेच आहेत. दक्षिणेत एवढं सुंदर गाव मी पाहिलं नाही.

कोरडवाहू: सुंदर कुणाच्या जिवावर? गावाबाहेरच्या ‘फोर्क्स ऑफ द रोड’ या तिठ्यावर माणसं विकली जायची. व्हर्जिनियाहून साखळदंडांत चालवत आणलेली. तिथे आज सिमेंटमध्ये रुतवलेल्या बेड्या आहेत. १९३२ पासून वसंतात वाडे दाखवायचा सोहळा चालतो, आणि कितीतरी वर्षं त्यात घेरदार झगे नि मालकांच्याच गोष्टी होत्या. मी वाड्याचं तिकीट काढणार नाही.

रानजाई: तिठ्यावर मी गेले नाही, ही चूक कबूल. पण लाँगवूडचा खालचा मजला नंतर गुलामांनीच पुरा केला. त्यांच्या हातचं काम बघायचंच नाही, हे मला पटत नाही.

पाणंद: वाड्यांआधी विल्यम जॉन्सनचं घर बघा. गुलामीत जन्मला, मुक्त झाला, न्हाव्याची दुकानं चालवली, १८३५ पासून १८५१ मध्ये खून होईपर्यंत रोजनिशी लिहिली. आणि त्याच्याकडेही गुलाम होते! त्या घरात मला कुणाची बाजू घ्यावी तेच कळेना.

सरकी: माझं आजोळ खामगावचं, म्हणून लिहिते. त्याच युद्धात अमेरिकेचा कापूस अडला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा वाहिला, १८६५ मध्ये युद्ध संपताच बाजार कोसळला. नॅचेझ आपल्यापासून तेवढं लांब नाही. वाडा बघाच, पण आधी तिठा.

कोरडवाहू: तिठा आधी, हे मान्य. तिकिटाबद्दल माझं मत तेच. ते पैसे मी जॉन्सनच्या रोजनिशीची छापील प्रत घ्यायला वापरेन.