चिपची मशिनं बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर पडलेत, आता घ्यावेत की थांबावं? (बजेट ३ लाख)

उद्यमनगरी:
नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगावात व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) प्रोग्रॅमिंग करतो. भिशीचे ३ लाख हातात आलेत. चिप बनवणाऱ्या नव्हे, चिप बनवायची मशिनं बनवणाऱ्या कंपन्यांत घालायचा विचार आहे : एएसएमएल, अप्लाइड मटेरियल्स, लॅम रिसर्च, केएलए. दोन वर्षं नुसता बघत होतो, महाग म्हणून हात लावला नाही. आता वरच्या भावापासून चांगलेच उतरलेत, तर घ्यायची भीती वाटतेय. घसरण संपली हे ओळखायचं कसं? ३-४ वर्षं पैसे लागणार नाहीत. प्लॉट आणि सोनं कृपया सुचवू नये.

गुजरी_कट्टा:
सोनं घे. २०१९ ला ३५ हजार तोळा असताना मी घेतलं, तेव्हा सगळे हसले होते. आता कोण हसत नाही.

पाचगावकर:
३ लाखांत काय होतंय भावा? १०-१२ जमव, पाचगावला माझ्या शेजारचा प्लॉट निघालाय.

उद्यमनगरी:
प्लॉट नको असं लिहिलंय वर.

पाचगावकर:
वाचलंय मी. तरी सांगतोय.

शिरोलीचा_भट्टीवाला:
शेअरमधलं मला फार कळत नाही, पण मशीन कोण कधी घेतो ते कळतं. २०१९ ला ट्रकचा खप बसला, तेव्हा माझं कास्टिंगचं काम तिसऱ्या हिश्श्यानं कमी झालं. पण मशीन खरेदी? ती शून्य. थोडी कमी नव्हे, शून्य! आदल्या वर्षी 'सहा महिने थांबावं लागेल' म्हणणारा मशीनवाला माझ्या ऑफिसात चहा पीत बसायचा. गिऱ्हाइकाला सर्दी झाली की मशीनवाल्याला न्युमोनिया. चिपमध्येही तेच, आणि तिथं मेमरी चिप बनवणारे पहिल्यांदा हात आखडतात.
परत वर येताना क्रम ठरलेला असतो. आधी जुनी मशिनं दोन पाळ्यांत फिरायला लागतात. मग स्पेअर पार्ट आणि सर्व्हिसचं बिल वाढतं. मग जुन्या मशीनला नवीन कंट्रोलर. नवी मशीन सगळ्यात शेवटी. तेव्हा कंपन्यांच्या निकालात स्पेअर आणि सर्व्हिसचा आकडा बघ. तो वाढेपर्यंत थांब.

रात्रपाळी_ट्रेडर:
आबा, उदाहरण जगात भारी, पण शेअर तुमच्या क्रमानं चालत नाही. लॅमचंच बघा. शेअरचा तळ लागला ऑक्टोबर २०२२ ला, अमेरिकेनं चीनला प्रगत चिप-मशिनं द्यायला बंदी घातली त्याच महिन्यात. आणि कंपनीची तिमाही विक्री तेव्हाच्या शिखरावर गेली त्याच्या नंतर, डिसेंबरला, ५.२८ अब्ज डॉलर! जून २०२३ च्या तिमाहीत ती ३.२१ अब्जांवर आली, तोवर शेअर तळापासून कितीतरी वर. दुसऱ्या पाळीची वाट बघत बसला असता तर एस.टी. गेलेली.

शिरोलीचा_भट्टीवाला:
मग तुम्ही २०२२ ला घेतला होता का?

रात्रपाळी_ट्रेडर:
नाही. माझी कथा वेगळी आहे. १५ ऑक्टोबर २०२४, एएसएमएलनं चुकून निकाल एक दिवस आधी वेबसाइटवर टाकला. नव्या ऑर्डरी २.६ अब्ज युरो, बाजाराची अपेक्षा त्याच्या दुपटीहून जास्त. एका दिवसात १६ टक्के खाली. मी त्याच रात्री ७३० डॉलरच्या आसपास घेतला, बायकोला म्हटलं सेल लागलाय. एप्रिल २०२५ ला टॅरिफच्या गोंधळात तो सहाशेच्या घरात आला. तिथं विकला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हजार पार! पडला म्हणून घेतला आणि पडला म्हणूनच विकला. यावर कुणी काही बोलू नये.

तांबडा_पांढरा:
ईयूव्ही मशीन (चिपवर सगळ्यात बारीक नक्षी छापणारं) जगात एकटी एएसएमएल बनवते. पडून पडून किती पडणार? त्यातला प्रकाश तयार करायला टिनच्या थेंबांवर सेकंदाला ५० हजार वेळा लेसर मारतात म्हणे! आपल्याकडं टिनच्या पत्र्याला भोक पाडायचं तर तीनदा ड्रिल मोडतंय.

शाहूपुरी_मास्तर:
टिन म्हणजे पत्रा नव्हे, कथील. भांड्याला कल्हई करतात ते. आणि मक्तेदारी असली तरी गिऱ्हाईक 'यंदा नको, पुढच्या वर्षी बघू' म्हणू शकतं की.

तांबडा_पांढरा:
पत्र्यालाही कथिलाचाच मुलामा असतो मास्तर. डब्याचा पत्रा.

शाहूपुरी_मास्तर:
छपराच्या पत्र्याला जस्त असतं. तुम्ही ड्रिल मारत होता ते छपरच असणार.

गडहिंग्लज_२४:
हे राहू द्या. पीई (शेअरचा भाव एका शेअरमागच्या नफ्याच्या किती पट) बघ आणि घे. ज्याचा पीई सगळ्यात कमी, तो सगळ्यात स्वस्त. सोपं आहे.

सीए_ताई:
या धंद्यात हे उलटं चालतं. तेजीच्या टोकाला नफा फुगलेला असतो, म्हणून पीई कमी दिसतो. मंदीत नफा आटतो, मग पडलेल्या भावालाही पीई जास्त दिसतो. एका वर्षाच्या नफ्यावर जाऊ नका, चढ-उतार दोन्ही येतील अशी पाच-सात वर्षं धरून सरासरी काढा. आणि आधी बघा की शेअर पडला कशानं. गिऱ्हाइकानं ऑर्डर पुढं ढकलली असेल तर ती परत येते. सरकारी बंदीनं गेलेली येईलच असं नाही. २०२४ च्या पहिल्या सहामाहीत एएसएमएलच्या मशीनविक्रीत जवळजवळ निम्मा वाटा चीनचा होता, म्हणून तर बाजार एवढा घाबरला. टीएसएमसी (तैवानची चिप बनवणारी मोठी कंपनी, या मशिनांचं गिऱ्हाईक) दर जानेवारीत वर्षभराचा भांडवली खर्च सांगते, तो आकडा चुकवू नका.
कराचं : वर्षाला १० लाखांपर्यंत बाहेर पाठवताना टीसीएस (बँक आधीच घेते तो कर) कापत नाहीत. पैसे एकदाच पाठवा, खरेदी हप्त्यांनी करा. अमेरिकन कंपनीच्या लाभांशातून तिकडं २५ टक्के कापतात, त्याची वजावट मिळवायला परदेशी कराचा फॉर्म भरा. दोन वर्षांनंतर विकला तर नफ्यावर साडेबारा टक्के आणि सेस. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायला विसरू नका. माझ्याकडं दरवर्षी तीन-चारजण विसरून येतात आणि मग तोंड लहान करून बसतात.

गुजरी_कट्टा:
एवढा कागद सोन्याला लागत नाही.

भोगावती_काठ:
माझ्या मेव्हण्यानं इथल्याच बाजारात नावात 'सेमी' बघून एक शेअर घेतला. कंपनीचा चिपशी संबंध नाही. अजून पकडून बसलाय.

गडहिंग्लज_२४:
मीपण तेच म्हणत होतो, शेअर पडला कशानं ते बघा आणि हप्त्यांनी घ्या.

शिरोलीचा_भट्टीवाला:
आपण 'पीई बघ आणि घे' म्हणाला होता.

रात्रपाळी_ट्रेडर:
एक राहिलं. २००० च्या शिखरावर अप्लाइड मटेरियल्स घेणाऱ्याला तो भाव परत दिसायला सतरा वर्षं लागली. कंपनी बुडाली नाही, धंदा चालूच होता. तेव्हा पाव भाग उतरला म्हणजे स्वस्त झाला असं नाही. तीन हप्ते कर, चार-चार महिन्यांनी.

उद्यमनगरी:
सगळ्यांचे आभार. काल रात्री लॅम घेतला. सगळे ३ लाख, एकदम. हप्त्यांनीच घेणार होतो, पण बँकेत विचारलं तर पैसे पाठवायचा चार्ज दर वेळी वेगळा, वर जीएसटी. तीनदा कोण भरणार? आणि लॅमच का, तर ती एचिंगची (कोरण्याची) मशिनं बनवते, आमच्या शॉपमध्ये एचिंगचं काम थोडं बघितलंय, निदान शब्द तरी ओळखीचा वाटला.

सीए_ताई:
अहो, पैसे एकदाच पाठवून शेअर तीनदा घेता येतात.

उद्यमनगरी:
हे आधी कुणी बोललं नाही.

सीए_ताई:
वर लिहिलंय. लाभांशाच्या जस्ट आधी.

उद्यमनगरी:
कराचं म्हटल्यावर तो परिच्छेद सोडून दिला होता ताई.

पाचगावकर:
प्लॉट अजून आहे.